कोणत्या खुंटावर कोणते कलम

मे महिन्याच्या शेवटी एका संध्याकाळी शेजारचा मुलगा लॅपटॉप छातीशी धरून आमच्या ओट्यावर आला. नुकताच दहावीत गेलेला. म्हणाला, "काका, गाडी आली, पण तिला आवाजच नाही." गाडी म्हणजे एसटी. युरो ट्रक सिम्युलेटर २ या गेममध्ये त्याने लाल एसटीचा मॉड बसवला होता. गाडी दिसायला हुबेहूब होती. पुढची काच, खिडक्यांच्या दांड्या, मागची शिडी, सगळे जागच्या जागी. पण इंजिन मुके आणि हॉर्नही मुका. घोलवडहून बोर्डीकडे जाणारी एसटी वळणावर दिसण्याआधी कानाला कळते. हे लहानपणापासून ऐकत आलेल्या मुलाला मुकी एसटी कशी चालेल? त्याने दोन दिवस स्पीकर तपासले, साउंड ड्रायव्हर काढून पुन्हा टाकला, शेवटी गेमच काढून पुन्हा उतरवला. त्यात घरातल्या दोन मोबाइलचा डेटा संपला.

दोष लॅपटॉपचा नव्हता आणि मॉड बनवणाऱ्याचाही नव्हता. मॉड जुना होता, गेम नवा होता. हा गेम बनवणाऱ्या एससीएस सॉफ्टवेअर या चेक कंपनीने २०२० साली १.३७ या आवृत्तीत आवाजाची सगळी यंत्रणा बदलली आणि एफमॉड नावाची नवी पद्धत आणली. त्याआधी बनलेल्या गाड्यांचे आवाज जुन्या पद्धतीने बांधलेले होते. नवा गेम ते वाजवत नाही. गाडीचा सांगाडा आणि रंग वाचता येतो, म्हणून ती दिसते आणि धावते. आम्ही रात्रभर १.३६ ही आवृत्ती उतरायला लावली आणि सकाळी इंजिन घुमले.

त्यानंतर सुट्टीत आणखी चौघे-पाच जण असेच प्रश्न घेऊन आले. कुणाचे माइनक्राफ्ट सुरूच होत नव्हते, कुणाचा जीटीए अपडेटनंतर बंद पडला होता. प्रत्येकाची अडचण निराळी दिसत होती, पण मुळाशी एकच प्रश्न होता: गेमच्या कोणत्या आवृत्तीवर मॉड बसवायचा? त्याचे उत्तर शोधण्याची रीत एकदा नीट लिहून काढावी म्हणून हा लेख.

आपल्याकडे ही गोष्ट समजावणे सोपे आहे, कारण घोलवड-बोर्डीच्या वाडीत वाढलेल्या कुणालाही कलम म्हणजे काय ते सांगावे लागत नाही. आपली कालीपत्ती चिकूची झाडे बहुतेक खिरणीच्या, म्हणजे रायणीच्या खुंटावर बांधलेली असतात. खिरणी हळू वाढते, पण तिची मुळे खोल आणि चिवट असतात आणि तिच्यावर चिकूचे कलम पिढ्यानपिढ्या टिकते. चिकू आणि खिरणी एका कुळातले, म्हणून ते जुळते. त्याच खिरणीवर आंब्याची काडी बांधली तर ती वाळून जाईल. गेममध्ये मॉड म्हणजे वरची काडी आणि गेमची आवृत्ती म्हणजे खालचा खुंट. मॉड ही कुणीतरी वेगळ्या माणसाने, बहुतेक वेळा हौसेने, बनवलेली भर असते. ती गेमच्या आतल्या ठरावीक जागांना जोडलेली असते. गेम बनवणाऱ्यांनी त्या जागा हलवल्या की जोड सुटतो.

मुले विचारतात, "सगळ्यात नवीन व्हर्जन कुठले?" आणि ते उतरवून मग त्यावर चालणारे मॉड शोधत बसतात. हा क्रम उलटा करा. वाडीवाला आधी कुठले फळ हवे ते ठरवतो, मग त्याला मानवणारा खुंट निवडतो. तुम्हीही आधी एका कागदावर तो एक मॉड लिहा, ज्याच्यासाठी हा सगळा खटाटोप आहे. एकच. मग त्याच्या पानावर जाऊन तो कोणकोणत्या आवृत्त्यांवर चालतो ते त्याच्यापुढे लिहा. खाली दुसरा, तिसरा आणि त्यांच्या आवृत्त्या. प्रत्येक मॉडला स्वतःच्या आधाराला दुसरा एखादा मॉड लागतो का तेही बघा. माइनक्राफ्टमध्ये असे आधाराचे मॉड पुष्कळ असतात आणि ते राहून गेले की गेम उघडतच नाही. समजा तुमचा मुख्य मॉड १.१२.२ आणि १.१६.५ वर आहे, दुसरा १.१६.५ आणि १.२०.१ वर, तिसरा फक्त १.२०.१ वर. मग तुमची आवृत्ती १.१६.५ आणि तिसरा मॉड सोडायचा. त्याच्यासाठी पहिल्याचा बळी देऊ नका. कागदावर हे पाच मिनिटांत कळते. उतरवून बघत बसलात तर आठवडा जातो.

आता माइनक्राफ्ट, कारण सर्वांत जास्त गोंधळ तिथे आहे.

माइनक्राफ्ट नावाचे दोन वेगळे गेम आहेत असेच समजा. एक जावा एडिशन, जो फक्त संगणकावर चालतो. दुसरा बेडरॉक, जो फोनवर, कन्सोलवर आणि विंडोजवरही चालतो. २०२२ पासून संगणकासाठी दोन्ही एकत्रच विकले जातात, त्यामुळे घरी नेमके कोणते उघडले जाते हे मुलांना कळत नाही. जावाचे मॉड बेडरॉकवर चालत नाहीत आणि बेडरॉकचे ॲड-ऑन जावावर चालत नाहीत. फोनवर खेळणाऱ्याने व्हिडिओत बघितलेला जावाचा मॉड शोधण्यात वेळ घालवू नये.

जावा एडिशनची मोठी सोय अशी की तिच्या लाँचरमध्ये कुठलीही जुनी आवृत्ती हक्काने निवडता येते. वेगळा खटाटोप लागत नाही. म्हणूनच या गेमच्या मॉडवाल्यांची वस्ती काही ठरावीक आवृत्त्यांभोवती जमली आहे: २०१४ ची १.७.१०, २०१७ ची १.१२.२, २०२१ च्या सुरुवातीची १.१६.५, २०२३ ची १.२०.१ आणि २०२४ ची १.२१.१. मधल्या आवृत्त्यांवर मॉड आहेत, पण विरळ. आरएलक्राफ्टसारखा गाजलेला मॉडसंच आजही १.१२.२ वर आहे. तेव्हा मोठे, पुष्कळ मॉड एकत्र हवे असतील तर या वस्त्यांपैकीच एक गाठा.

आवृत्ती ठरली म्हणजे काम संपले असे नाही. माइनक्राफ्टमध्ये मॉड चालवण्यासाठी मधे एक लोडर लागतो. फोर्ज सर्वांत जुना, फॅब्रिक २०१८ च्या शेवटी आला, आणि २०२३ मध्ये फोर्जमधून निओफोर्ज वेगळा झाला. एका लोडरचा मॉड दुसऱ्यावर सहसा चालत नाही. पश्चिम रेल्वेवर वर्षानुवर्षे प्रवास केलेल्यांना हे लगेच पटेल. पूर्वी विरारच्या अलीकडे १५०० व्होल्टची डीसी वीज होती आणि विरारच्या पलीकडे, आपल्या बाजूला, २५,००० व्होल्टची एसी. रूळ एकच, पण डीसीवरची लोकल विरारपुढे येऊच शकत नव्हती. मुंबईहून गुजरातकडे जाणाऱ्या गाड्यांना डब्ल्यूसीएएम-१ सारखे दोन्ही विजांवर चालणारे खास इंजिन लागायचे. आवृत्ती म्हणजे रूळ आणि लोडर म्हणजे वरची वीज. मॉडच्या पानावर दोन्ही बघायचे. "१.२०.१, फॅब्रिक" असे लिहिले असेल तर १.२०.१ चे फोर्ज घालून उपयोग नाही.

तिसरी गोष्ट संगणकाची ताकद. आपल्याकडे पुष्कळ घरांत दादाचा किंवा ताईचा कॉलेजातला जुना, चार जीबी रॅमचा लॅपटॉप असतो. त्यावर १.२०.१ चा शंभर मॉडचा संच चालणार नाही. अशा संचाला नुसत्या गेमसाठीच चार ते सहा जीबी द्यावी लागते. अशा लॅपटॉपवर १.७.१० किंवा १.१२.२ आणि मोजके मॉड हाच शहाणपणाचा मार्ग. जुन्या आवृत्तीत मजा कमी असते हा समज मी अनेक मुलांच्या डोक्यातून काढला आहे, १.१२.२ च्या काळातले काही मॉड इतके मुरलेले आहेत की तसे पुढे कुणी बनवले नाहीत.

जावा या भाषेची आवृत्तीही जुळावी लागते. माइनक्राफ्ट १.१६.५ पर्यंत जावा ८, १.१७ ला जावा १६, १.१८ पासून १.२०.४ पर्यंत जावा १७ आणि १.२०.५ पासून १.२१ च्या मालिकेपर्यंत जावा २१. अधिकृत लाँचर आपला आपण योग्य जावा आणतो. पण मित्रांसाठी स्वतःच्या संगणकावर सर्व्हर चालवायचा असेल तर ही जोडी तुम्हालाच जुळवावी लागेल. आणि एक सावधगिरी फार महत्त्वाची. जग एकदा नव्या आवृत्तीत उघडले की ते जुन्यात परत नेता येत नाही असेच धरून चाला. १.१३ मध्ये ठोकळ्यांची आतली नोंद बदलली आणि १.१८ मध्ये जगाची उंची २५६ वरून ३८४ ठोकळे झाली. तीन वर्षे बांधलेले गाव आवृत्ती बदलून बघताना एका संध्याकाळी मोडलेले मी पाहिले आहे, आणि ते पोर रडत होते. आवृत्ती बदलण्याआधी जगाचे फोल्डर पेनड्राइव्हवर घ्या.

फोनवरचे बघू. बेडरॉकची अडचण उलटी आहे. प्ले स्टोअर गेम आपोआप नवा करून टाकतो आणि जुन्यावर परतायचा सरळ मार्ग नाही. म्हणून ॲड-ऑन निवडताना ते तुमच्या सध्याच्या आवृत्तीवर चालते का आणि त्याचा कर्ता ते अजून सांभाळतो का, हे दोन्ही बघा. ज्या ॲड-ऑनला प्रयोगाच्या सोयी, म्हणजे बीटा एपीआय, सुरू कराव्या लागतात, ते पुढच्या अपडेटला मोडण्याची शक्यता जास्त. खेळ मध्यावर असेल तर प्ले स्टोअरमध्ये त्या गेमच्या पानावर वरच्या तीन ठिपक्यांत जाऊन ऑटो अपडेटची खूण काढून टाका.

एसटीवेड्या मुलांचा फोनवरचा लाडका गेम म्हणजे बस सिम्युलेटर इंडोनेशिया. मलेओ या इंडोनेशियातल्या कंपनीने तो २०१७ मध्ये आणला आणि बाहेरच्यांनी बनवलेल्या गाड्या व रंगसंगती घालायची सोय दिली. त्या सोयीमुळे इंडोनेशियाच्या रस्त्यांवर आपली लालपरी, हिरकणी, शिवशाही धावू लागली. १ जून १९४८ ला पुणे-अहमदनगर मार्गावर पहिली एसटी सुटली. तिच्या आजच्या बहिणी मुलांच्या हातात इंडोनेशियाच्या बेटांवर धावताहेत हे बघून मला मनापासून आनंद होतो. इथे दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत करू नका. गाडीचा मॉड म्हणजे पूर्ण नवी गाडी. लिव्हरी म्हणजे नुसता रंग, एक चित्र. लिव्हरी ज्या गाडीच्या साच्यावर बनली आहे त्याच गाडीवर नीट बसते. दुसऱ्या गाडीवर टाकली की महामंडळाचे नाव दरवाज्यावरून चाकावर येते. गाडीच्या मॉडसाठी गेमची आवृत्ती बघावी लागते, कारण नव्या आवृत्तीसाठी तयार केलेली गाडी जुन्या ॲपमध्ये नीट उघडत नाही. आणि अँड्रॉइड ११ पासून फोन ॲपच्या आतल्या फोल्डरमध्ये आपल्याला सहज शिरू देत नाही. त्यामुळे जुन्या व्हिडिओत दाखवलेला मार्ग तुमच्या फोनवर बंद असू शकतो. तो मॉडचा दोष नसतो.

फोनवाल्यांना इथे एक गोष्ट ठामपणे सांगायची आहे. "मॉड एपीके" हा मॉड नव्हे. ते कुणीतरी फोडून बदललेले संपूर्ण ॲप असते, अमर्याद पैसे, सगळे कुलूप उघडे असल्या आमिषांनी दिलेले. त्याच्या पोटात काय आहे हे तुम्हाला कळण्याचा मार्ग नाही. ज्या फोनवर आईचे बँकेचे मेसेज येतात, त्याच फोनवर मुलगा ते टाकतो. हे करू नका आणि लहानांना करू देऊ नका. खऱ्या मॉडच्या ठिकाणीही डोळे उघडे ठेवावे लागतात. जून २०२३ मध्ये माइनक्राफ्टचे मॉड मिळण्याच्या कर्सफोर्ज या मोठ्या ठिकाणी काही मॉडमध्ये फ्रॅक्चरायझर नावाचा घातक कोड शिरला होता आणि तो लोकांचे पासवर्ड चोरत होता. ज्या मॉडची नावाजलेली, बरेच दिवस उपलब्ध असलेली आवृत्ती आहे ती घ्या. काल रात्री आलेली फाइल पहिल्या दिवशी उतरवण्याची घाई कशासाठी?

संगणकावरच्या मोठ्या गेममध्ये दोन वेगळ्या प्रकारचे प्रश्न येतात. पहिला, एकाच नावाचे दोन-तीन अवतार. स्कायरिम २०११ मध्ये आला तो ३२ बिटचा होता, म्हणजे चार जीबीपेक्षा जास्त रॅम त्याला वापरताच येत नाही. २०१६ ची स्पेशल एडिशन ६४ बिटची, आणि आज नव्याने सुरुवात करणाऱ्याने तीच घ्यावी. २०२१ ची ॲनिव्हर्सरी म्हणजे स्पेशल एडिशनच, वर काही भर घातलेली. पण तेव्हापासून आकडा १.६ वर गेला. १.५.९७ या जुन्या आकड्यावर बनलेले, गेमच्या पोटात खोल शिरणारे मॉड १.६ वर चालत नाहीत, त्यांची नवी प्रत लागते. नुसते कपडे, घरे, चित्रे बदलणाऱ्या मॉडला मात्र हा फरक बहुधा जाणवत नाही. हा भेद सगळ्याच गेममध्ये उपयोगी पडतो. मॉड जितका वरवरचा, तितका तो आवृत्तीबदल सोसतो; जितका खोल, तितका नाजूक.

जीटीए ५ चेही तसेच. मे २०२० मध्ये एपिक गेम्सने तो आठवडाभर फुकट दिला आणि टाळेबंदीत घरी बसलेल्या हजारो मुलांकडे तो आला. ४ मार्च २०२५ ला त्याचा एनहान्स्ड अवतार आला. जुना लेगसी या नावाने वेगळा राहिला. दहा वर्षांत साठलेले बहुतेक मॉड लेगसीसाठी आहेत. भारतीय गाड्या, रिक्षा, बुलेट घालायच्या असतील तर लेगसीवरच राहा. सप्टेंबर २०२४ पासून त्यात बॅटलआय हा फसवणूक पकडणारा पहारेकरी आहे. एकट्याने मॉडसह खेळताना तो बंद करून गेम सुरू करावा लागतो. मॉड घातलेला गेम घेऊन ऑनलाइन मात्र कधीही जाऊ नका, खाते कायमचे बंद होऊ शकते.

दुकानही बघा. स्टीम, जीओजी, एपिक आणि मायक्रोसॉफ्टचे गेम पास यांतल्या एकाच गेमच्या प्रती आतून सारख्या नसतात. स्कायरिमच्या मोठ्या मॉडना जो स्कायरिम स्क्रिप्ट एक्स्टेंडर लागतो, तो गेम पासच्या प्रतीवर चालत नाही. मॉडसाठी गेम विकत घेणार असाल तर पैसे देण्याआधी मॉडच्या पानावर दुकानाचे नाव शोधा. जीओजीच्या प्रतीत आपोआप होणारे अपडेट बंद करता येतात आणि मागची आवृत्तीही परत आणता येते, म्हणून माझा कल तिकडे असतो.

दुसरा प्रश्न अवेळी येणाऱ्या अपडेटचा. फॉलआउट लंडनची गोष्ट यासाठी लक्षात ठेवण्यासारखी आहे. इंग्लंडमधल्या आणि इतर देशांतल्या हौशी मंडळींनी फॉलआउट ४ वर लंडन शहराचा नवा गेम वाटावा एवढा प्रचंड मॉड बांधला. २३ एप्रिल २०२४ ला तो द्यायचे ठरले होते. पण मूळ कंपनीने २५ एप्रिलला मोठे अपडेट जाहीर केले, आणि त्यामुळे खालचा खुंटच बदलणार होता. मंडळींनी तारीख पुढे ढकलली आणि अखेर २५ जुलैला मॉड दिला, तोही १.१०.१६३ या अपडेटच्या आधीच्या आवृत्तीसाठी. गेम मागे नेण्याचे साधन त्यांनी सोबत दिले. कित्येक वर्षे खपलेल्या जाणत्या लोकांनी नव्याच्या मागे न धावता जुनी, स्थिर आवृत्ती धरली. आपण दोन-चार मॉड घालणाऱ्यांनी वेगळे काही करण्याचे कारण नाही.

म्हणून मला ज्या गेमना आता अपडेट येतच नाहीत, ते मॉडसाठी सर्वांत चांगले वाटतात. जीटीए सॅन अँड्रियास २००५ मध्ये संगणकावर आला. त्याचे जुने मॉड मूळ १.० साठी आहेत. २०१४ च्या स्टीम अपडेटमध्ये काही गाणी गेली आणि मॉडचे जोडही सुटले. २०२१ ची डेफिनिटिव्ह एडिशन तर वेगळ्याच इंजिनावर बांधलेली, जुन्या मॉडना ती परकीच. रेल्वेची आवड असणाऱ्यांसाठी याहून सुंदर उदाहरण मायक्रोसॉफ्ट ट्रेन सिम्युलेटरचे. २००१ चा गेम, कंपनीने केव्हाच सोडून दिलेला. पण भारतीय रेल्वेप्रेमींनी त्याच्यासाठी आपली इंजिने, डबे, मार्ग बनवले, आणि ओपन रेल्स हे फुकट, खुले सिम्युलेटर आजच्या संगणकावर तेच सगळे वाचते. डहाणू रोड सोडून मेमू घोलवडला येते, पुढे उंबरगाव, संजाण. हा तुकडा कुणाला स्वतः बांधायचा असेल तर मी ओपन रेल्सच सुचवेन. आज बांधलेले दहा वर्षांनी चालेल अशी शक्यता तिथे सर्वांत जास्त.

आपली सध्याची आवृत्ती कुठे दिसते? माइनक्राफ्टच्या पहिल्या पडद्यावर खालच्या कोपऱ्यात. जावात एफ ३ दाबल्यावरही वर लिहिलेली असते. इतर गेममध्ये मुख्य मेन्यूच्या कोपऱ्यात, नाहीतर गेमच्या मुख्य ईएक्सई फाइलवर उजवी टिचकी मारून प्रॉपर्टीज, मग डिटेल्समध्ये. पूर्ण आकडा लिहून घ्या. "स्कायरिम एक पॉइंट सहा" एवढ्याने भागत नाही, शेवटचा ठिपका आणि त्यापुढचा आकडाही लागतो. स्टीमवर गेमच्या प्रॉपर्टीजमध्ये बीटाज नावाचा भाग असतो. युरो ट्रक सिम्युलेटर २ च्या जुन्या आवृत्त्या तिथेच रांगेने ठेवलेल्या आहेत. स्टारड्यू व्हॅलीलाही मार्च २०२४ च्या १.६ आधीची १.५.६ तशीच ठेवलेली आहे. तिथेच अपडेट्समध्ये "गेम सुरू करतानाच अपडेट कर" हा पर्याय निवडा, आणि मॉडसह गेम स्क्रिप्ट एक्स्टेंडरसारख्या स्वतःच्या लाँचरमधून उघडा.

पावसाळ्यात आपल्याकडे वीज कधी जाईल याचा नेम नसतो. उतरवण्याच्या मध्यावर ती गेली तर अर्धवट फाइल राहते आणि ती चुकीच्या आवृत्तीसारखीच लक्षणे दाखवते. गेम उघडत नाही, मधेच बंद पडतो. त्यामुळे आवृत्ती बदलण्याआधी फाइलचा आकार मॉडच्या पानावरच्या आकाराशी ताडून बघा. मॉड न घातलेला, व्यवस्थित चालणारा गेम एकदा पूर्ण फोल्डरसह वेगळ्या जागी कॉपी करून ठेवा. मॉडच्या मूळ फाइलही फेकू नका, कर्ते त्या कधी काढून टाकतील सांगता येत नाही. आमच्याकडे एका जुन्या हार्डडिस्कवर गेमच्या नावाचे फोल्डर, त्यात आवृत्तीच्या आकड्याचे फोल्डर, त्यात मॉड असे सगळे ठेवले आहे. परिसरातली मुले पेनड्राइव्ह घेऊन येतात आणि डेटा न जाळता फुकटचे मॉड नेतात. ज्यांच्या कर्त्याने वाटायला मनाई केली आहे ते मात्र ज्याने त्याने मूळ जागेवरून घ्यायचे.

एक-एक मॉड घालून गेम उघडून बघणे उत्तम. पन्नास घालून बसलात आणि गेम पडला तर निम्मे काढा. चालला तर दोष काढलेल्या निम्म्यात. नाही चालला तर राहिलेल्यात. पुन्हा निम्मे. सहा वेळा असे केले की नेमका मॉड सापडतो.

स्वतः मॉड बनवणाऱ्यांना थोडे वेगळे सांगतो. आपल्या डहाणू-तलासरीच्या मुलांच्या हाताला वारली चित्राची रेघ जन्मापासून ठाऊक आहे. गंजाडच्या जिव्या सोमा म्हसे यांनी ती जगभर नेली, २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. माइनक्राफ्टच्या भिंती गेरूच्या आणि त्यावर तांदळाच्या पिठासारखी पांढरी रेघ, तारपा, चौक, असा रिसोर्स पॅक बनवायला कोडिंग लागत नाही, चित्र काढता यावे लागते. आवृत्तीचा भागही सोपा. पॅकमध्ये एक छोटी मजकुराची फाइल असते, तिच्यात पॅक फॉरमॅटचा आकडा लिहायचा. १.१२ साठी ३, १.१६.५ साठी ६, १.२०.१ साठी १५, १.२१.१ साठी ३४. आकडा चुकला तरी गेम फक्त इशारा देतो, बहुतेक चित्रे दिसतात. म्हणून पहिला मॉड म्हणून मी हेच सुचवतो. आवृत्ती निवडताना तुमचे मित्र कुठली खेळतात ते विचारा. तुमच्या वर्गातले सगळे फोनवर बेडरॉक खेळत असतील तर जावासाठी बनवलेला सुंदर पॅक ते बघणार तरी कसे? बेडरॉकच्या पॅकचा मांडणीचा नमुना वेगळा असतो, तो सुरुवातीलाच धरा.

आणि मॉड दुसऱ्याला देताना आवृत्ती लिहून द्या. फाइलच्या नावातच घाला, सोबत एक साधी टिपणाची फाइलही ठेवा. त्यात गेमचे नाव, दुकान, पूर्ण आकडा, लोडर, तारीख. दुसऱ्याच्या मॉडवर काम केले असेल तर त्याची परवानगी घ्या आणि त्याचे नाव लिहा. फुकट मिळालेले विकू नका.

शेजारच्या मुलाने तेच केले. गाडी बनवणाऱ्याला विचारून त्याने तिला नव्या पाट्या बनवल्या: डहाणू, घोलवड, बोर्डी. मित्रांना द्यायच्या फाइलसोबत त्याने टिपण जोडले, त्याची पहिली ओळ अशी: "ही एसटी १.३६ वर चालवा. १.३७ आणि पुढे गाडी येईल, आवाज येणार नाही. स्पीकर ठीक आहेत."